नानांच्या रिमोटची व्यवस्था

मी, सुलक्षणा गेनबा शेंडकर, वय एकोणतीस, खाजगी नोकरी, राहणार विंझर, तालुका वेल्हे, जिल्हा पुणे, हे मृत्युपत्र माझ्या स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. हे लिही असे मला कोणी सांगितलेले नाही. उलट लिहू नकोस म्हणणारीच माणसे घरात आहेत. आज मी जेवले आहे, झोपही पुरेशी झाली आहे, आणि मी घेते त्या गोळीत गुंगीचे औषध नसते याची औषधाच्या दुकानात विचारून खात्री केली आहे. पुढे कोणी शंका काढू नये म्हणून हे नमूद करते.

लिहिण्याचे कारण असे, की येत्या मंगळवारी पुण्यात माझ्या हृदयाच्या झडपेचे ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणाले, "बहुतेक पेशंट चालत घरी जातात." मी वेल्ह्याला सेवा केंद्रात लोकांचे अर्ज भरते. तिथे मी कुणाला 'बहुतेक' हा शब्द लिहू देत नाही. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिली. त्यामुळे घरातला, भावकीतला आणि आळीतला प्रत्येक कागद माझ्यापुढे येतो, मी तो वाचते आणि अर्थ सांगते. ऑपरेशनचे संमतीपत्र मात्र मी एकटीने वाचले आणि त्याचा अर्थ मीच मला सांगितला.

कलम १. जे माझे नाही ते.

विंझरचे दोन खोल्या आणि स्वयंपाकघराचे घर माझे वडील श्री. गेनबा यांचे आहे. त्यांना सगळे नाना म्हणतात, मीही तेच लिहीन. घरातला टीव्ही नानांचा आहे, जुना, पाठीमागे मोठा डबा असलेला. टीव्हीखालचा सेटटॉप बॉक्स माझा भाऊ सोमनाथ याच्या नावावर आहे. माझ्या खोलीतले होम थिएटर सोमनाथच्या लग्नात त्याच्या सासरहून आले होते. भोरच्या घरी त्याने नवे घेतले म्हणून जुने इथे राहिले. ते माझ्या खोलीत असले तरी माझे नाही.

या तिन्ही वस्तू चालवणारा जो एक रिमोट आहे, तो मी माझ्या पगारातून घेतला आहे. तो माझा आहे. तो ज्या वस्तू चालवतो त्यातली एकही माझी नाही. हे लिहून झाल्यावर मी बराच वेळ थांबले होते, पण वाक्य खरे आहे, म्हणून खोडत नाही.

कलम २. बँकेत माझ्या नावावर जे शिल्लक असेल ते नानांच्या औषधासाठी. वारस म्हणून त्यांचेच नाव लावलेले आहे. आई कै. बाळाबाई हिची बोरमाळ माझ्याकडे आहे. ती माझी वहिनी सौ. स्नेहल हिला द्यावी. हे कलम मी मागच्या महिन्यात लिहिले असते तर असे लिहिले नसते. कारण पुढे येईल.

कलम ३. शिलाई मशीन.

हे मी शेजारच्या पारूबाई ओव्हाळ यांना देणार होते. पण ज्याला काही मिळणार त्याने साक्षीदार होऊ नये, असे मला तहसील कचेरीबाहेरच्या दस्त लिहिणाऱ्यांनी सांगितले. मी पारूबाईंना तसे म्हणाले. त्या भडकल्या.

"मग म्या अंगठा न्हाई देत. मला मशीन दे आन् साक्षीला दुसरं कुनी बघ."

"दुसरं कुणी नाही, मावशी."

त्यांनी मशीनवरून एकदा हात फिरवला. मग म्हणाल्या, "आसं कर. मशीन आजच ने म्हन. म्हंजी ते मरनानंतरचं होत न्हाई. शिकलेली ना तू?"

त्याप्रमाणे मशीन काल त्यांच्या घरी गेले आहे. ते माझ्या हयातीत, राजीखुशीने दिलेले आहे. मी चालत घरी आले तरी परत मागणार नाही.

कलम ४. रिमोट कसा आला.

नानांना अर्धांगाचा झटका आला तेव्हापासून त्यांचे बोलणे गेले आणि उजवा हात गेला. डावा हात आहे, आणि कळते सगळे. लोक त्यांच्यासमोर मोठ्याने आणि सावकाश बोलतात, त्याचा त्यांना राग येतो, तोही कळतो. मी सकाळच्या एसटीने वेल्ह्याला जाते आणि संध्याकाळच्या एसटीने येते. मधला सगळा दिवस ते खुर्चीत, समोर टीव्ही. दुपारी पारूबाई जेवण वाढून जातात.

तेव्हा रिमोट तीन होते. डाव्या अंगठ्याने नानांकडून चुकीचा रिमोट दाबला जाई आणि पडदा निळा होई. मग तो निळाच राही. मी संध्याकाळी यायची तेव्हा नाना निळ्या पडद्यापुढे बसलेले असायचे, आणि त्यांचे तोंडही निळे दिसायचे.

वेल्ह्याच्या बाजारात बुद्धभूषण ओव्हाळ हा पारूबाईंचा पुतण्या डिश आणि टीव्ही दुरुस्त करतो. त्याच्याकडून मी सगळ्याला चालणारा एक रिमोट घेतला. सोबतची पुस्तिका इंग्रजीत होती. आमच्या टीव्हीचा नंबर तिच्यात होता, तो घातला आणि टीव्ही ऐकू लागला. सेटटॉप बॉक्सचा नंबर नव्हता. तेव्हा तो शिकवावा लागला. त्याची रीत अशी: जुना आणि नवा रिमोट तोंडासमोर तोंड करून जमिनीवर ठेवायचे, मध्ये दोन बोटे जागा. नव्यावर 'सेट' दाबून धरायचे, लाल दिवा स्थिर झाला की नव्याचे एक बटण दाबायचे, मग जुन्याचे तेच बटण दाबायचे. दिवा दोनदा लुकलुकला की शिकला. एकेक बटण असे. शेवटी पुन्हा 'सेट' दाबायचे विसरू नये, नाहीतर सगळी मेहनत वाया जाते. होम थिएटरही असेच शिकवले. त्याविषयी शेवटच्या कलमात लिहीन.

तो रविवार मी आणि नाना जमिनीवर काढला. त्यांना खुर्चीतून खाली घेतले होते, ते जुना रिमोट धरायचे, मी नवा. आमच्या घरात कोणी कोणाला शिकवतेय आणि कोणी शिकतेय असे मी पहिल्यांदाच पाहिले, शिकणारा रिमोट असला तरी.

हा रिमोट मी नानांना देते. तो त्यांचाच आहे. तो त्यांच्या हातातून कोणीही, कोणत्याही मालिकेसाठी, काढून घेऊ नये.

कलम ५. सेल.

हे कलम सर्वात महत्त्वाचे आहे. कृपया दोनदा वाचावे.

हा रिमोट स्वस्तातला आहे. त्याचे सेल काढून ठेवले की तो शिकलेले सगळे विसरतो. सेल बदलायचे असतील तर नवे आधी उघडून हातात धरावेत, जुने काढावेत आणि लगेच घालावेत. मध्ये कोणाशी बोलत बसू नये.

मागच्या हिवाळ्यात पारूबाईंना रिमोटचा दिवा बारीक वाटला. आमच्याकडे टॉर्चचे, घड्याळाचे सेल उतरले की उंबऱ्यावर उन्हात ठेवतात, थोडी धुगधुगी येते. त्यांनी मायेने तेच केले. सेल काढले, उन्हात मांडले, जेवण वाढले, निघून गेल्या. उन्हे कलल्यावर येऊन परत घातले.

मी आले तेव्हा पडदा काळा होता. रिमोट नानांच्या मांडीवर पालथा पडलेला. मी विचारले, "नाना, काय झालं?" त्यांनी डाव्या हाताचे बोट आपल्या कपाळावर ठेवले आणि मग तो हात हवेत उडवला. गेलं.

त्यांना वाटले होते की त्यांचेच डोके पुन्हा गेले. बटणे तीच, टीव्ही तोच, अंगठा तोच, आणि काही होत नाही, म्हणजे आतून आपण विसरलो. दुपारपासून ते तसे समजून एकटे बसले होते.

पारूबाईंना सांगितले तेव्हा त्या रडायलाच लागल्या. "आगं, म्या म्हनलं सेलांना जरा ऊन दावावं. मला काय म्हाईत त्येला इसरायचा रोग हाय!"

मी जुने रिमोट काढले आणि नानांच्या डोळ्यांसमोर पुन्हा सगळे शिकवले. प्रत्येक बटणाला मी सांगत होते, "नाना, ह्याचं डोकं गेलं होतं. तुमचं नाही." तरी त्यांनी बरेच दिवस रिमोट हातात घेतला नाही. मी चॅनेल लावून जायची आणि ते दिवसभर तेच बघत बसायचे. मग एका संध्याकाळी कुस्ती चालू असताना जाहिरात लागली आणि त्यांनी रागाने रिमोट उचलला. मी स्वयंपाकघरात उभी राहून ते बघितले. भाकरी करपली.

म्हणून माझी सूचना अशी: रिमोट कधी विसरलाच तर तो आतल्या खोलीत नेऊन दुरुस्त करू नये. नानांच्या समोर बसून शिकवावा. जुना रिमोट त्यांच्या हातात द्यावा. चूक कोणाची आहे ते त्यांना दिसले पाहिजे. मी मेले तरी चालेल, पण नानांना परत तसे वाटता कामा नये. या कागदावर बाकी काही पाळले नाही तरी एवढे पाळावे.

कलम ६. हाक.

नाना हाक मारू शकत नाहीत. सुरुवातीला ते पेला आपटायचे. रिमोट आल्यावर त्यांनी स्वतःच एक युक्ती काढली, मी सांगितलेली नाही. त्यांना काही हवे असले की ते टीव्हीचा आवाज बंद करतात. घर एकदम गप्प होते आणि मी हातातले टाकून जाते.

तेव्हा माझ्यामागे जो कोणी त्यांच्यासोबत राहील त्याने लक्षात ठेवावे. टीव्ही मोठ्याने चालू असेल तर नाना बरे आहेत. टीव्ही अचानक गप्प झाला तर त्यांनी तुमचे नाव घेतले आहे.

कलम ७. सोमनाथदादाचा नवा टीव्ही.

दादा मनाने चांगला आहे. भोरला त्याचे नळाच्या सामानाचे दुकान आहे, वेळ नसतो, हेही खरे. मृत्युपत्राचे ऐकून त्याने फोन केला.

"सुले, येडी का काय? तुला काय होत न्हाई. आन् समजा, समजा म्हनतोय, तर म्या हाय ना. नानांना भोरला आनतो. माझ्याकडं मोठा टीव्ही हाय, रिमोटचं झंजटच न्हाई. नुसतं बोललं की चालतो."

"कोण बोलणार, दादा?" मी विचारले.

पलीकडे दुकानात कोणीतरी अर्ध्या इंचाचा एल्बो मागत होते. मग तो म्हणाला, "ठेवतो गं."

मी त्याला दुखवायला तसे बोलले नव्हते. नानांना भोरला न्यायचेच ठरले तर माझी हरकत नाही. हरकत घेण्याचा मला अधिकारही नाही. पण नेताना टेम्पोत नानांसोबत जुना टीव्ही, सेटटॉप बॉक्स, होम थिएटर आणि तिन्हीचे जुने रिमोटही न्यावेत. टीव्ही गादीवर, पडदा आतल्या बाजूला करून ठेवावा. मोठा टीव्ही बाहेरच्या खोलीत खुशाल असू द्या. नानांच्या खोलीत त्यांचा असावा.

कलम ८. चुलते आनंदराव यांना मी काही देत नाही. दोन ठिकाणी माझे लग्न जमत आले असताना त्यांनी पाहुण्यांना बाजूला घेऊन सांगितले होते, "चित्र झकास हाय, पन आतून खोका गेलाय." माझ्या झडपेविषयी पाहुण्यांना मी स्वतःच सांगणार होते. लपवणार नव्हते. मला सांगायची संधी मिळाली नाही, एवढीच माझी तक्रार आहे. माझ्या दशक्रियेला श्रद्धांजलीची भाषणे झाली तर त्यांच्या हातात माइक देऊ नये. ते खूप छान बोलतात, आणि लोक रडतील.

कलम ९. व्यवस्था कोण पाहील.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी करण्यासाठी मी माझी वहिनी सौ. स्नेहल सोमनाथ शेंडकर हिला नेमते. ज्यांना आश्चर्य वाटेल त्यांच्यासाठी कारणे लिहिते.

माझा स्नेहलवर राग होता. नानांच्या आजारानंतरच्या पहिल्या दिवाळीत ती आली होती आणि तिच्या मालिकेची वेळ झाली तेव्हा तिने त्यांच्या हातातून रिमोट घेतला. "द्या इकडं नाना, तुम्हाला कुठं कळतंय." नाना त्या दिवशी जेवले नाहीत. मी काही बोलले नाही, पण विसरलेही नाही. मला विसरण्याची सवय नाही.

या आठवड्यात ती माझ्या ऑपरेशनसाठी म्हणून राहायला आली. मी तिला रिमोट शिकवायला बसवले. ती म्हणाली, "मला नाही जमणार हे, ताई. माझी नखं बघा." मी म्हणाले, जमवावे लागेल. रिमोटमधला नुसता सेटटॉप बॉक्स पुसला आणि तिला सांगितले, आता शिकव. ती नानांसमोर मांडी घालून बसली. सगळी बटणे शिकवली आणि शेवटचे 'सेट' दाबायचे विसरली. नानांनी डाव्या हाताने तिच्या मनगटाला धरले आणि तिचे बोट त्या बटणावर नेऊन ठेवले.

"अगं बाई," ती म्हणाली, "नाना, तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतंय की!"

नाना हसले. त्यांच्या हसण्याला आता आवाज नसतो, खांदे तेवढे हलतात. मग ती अगदी हळू म्हणाली, "दिवाळीचं मनात ठेवू नका हं." ते मी दारातून ऐकले. मला वाटत होते की ते मीच एकटी लक्षात ठेवून आहे.

आज दुपारी मी आतल्या खोलीत हाच कागद लिहीत होते. स्नेहल मागे कपडे वाळत घालत होती. टीव्ही गप्प झाला. माझे पाय उठायला निघाले होते. मी खाटेची कड धरून बसून राहिले. मला ते फार अवघड गेले, इतक्या वर्षांत मी त्या हाकेला कधी उशीर केलेला नाही. घर तसेच गप्प राहिले. मग मागच्या दाराची कडी वाजली, बादली खाली ठेवल्याचा आवाज आला, आणि स्नेहल म्हणाली, "आले आले. काय हवंय, नाना? पाणी? का पाठीशी उशी?"

थोड्या वेळाने टीव्हीचा आवाज परत आला. माझ्यावाचून आला. मला तेच हवे होते. तेव्हा मला एकदम खूप एकटे वाटले, हेही खरे आहे, पण त्याचा या दस्ताशी संबंध नाही.

कलम १०. होम थिएटर.

हे कोणाला माहीत नाही. लपवून ठेवणे बरोबर नाही, म्हणून लिहिते.

होम थिएटरला एक पेन ड्राइव्ह लावलेला आहे, त्यात गाणी आहेत, मी शिवायला बसले की लावायची. त्याचे बटण मी रिमोटला शिकवले ते सहज, झालेच तर असू दे म्हणून. संध्याकाळची वेल्ह्याहून येणारी एसटी आमच्या फाट्यावर थांबते तेव्हा तिचा ब्रेक घरापर्यंत ऐकू येतो. नाना तो ऐकतात आणि ते बटण दाबतात. मी अंगणात येईपर्यंत माझ्या खोलीत गाणे सुरू झालेले असते, काल जिथे थांबले होते तिथून पुढे. आम्ही त्याविषयी कधी बोललेलो नाही. मी पाय धुऊन आत आले की ते बंद करतात.

रिमोटचा उजेड भिंतीतून जात नाही. नानांच्या खुर्चीतून माझ्या खोलीतले होम थिएटर दिसते, पण दार उघडे असले तरच. म्हणून माझ्या खोलीचे दार लावू नये. खोली कोणाला वापरायला लागली तर जरूर वापरावी, माझे सामान काढावे, पण दार उघडे ठेवावे. भोरला नेले तर तिथेही होम थिएटर त्यांना खुर्चीतून दिसेल असेच मांडावे. एसटी तिथेही ऐकू येईल.

मी नसेन त्या संध्याकाळी कदाचित एसटी थांबेल आणि माझ्या खोलीत गाणे सुरू होईल. कोणी दचकू नये, आणि बंद करायला कोणी उठू नये. नानांना समजवायला जाऊ नये, त्यांना समजते. मी आत आले की ते बंद करतात. मी आले नाही तर किती वेळ चालू ठेवतील ते मला माहीत नाही. ठेवतील तेवढा वेळ वाजू द्यावे.

याआधी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही. कलम ५ मध्ये एक शब्द खोडला आहे, तिथे समासात माझी सही आहे. वरील सर्व मजकूर मी साक्षीदारांना वाचून दाखवला. कलम १० मला वाचवेना म्हणून ते बुद्धभूषण यांनी वाचले. ते म्हणाले, "ताई, मंगळवारनंतर हा कागद तुम्हीच येऊन फाडा." तशी माझीही इच्छा आहे.

ठिकाण: विंझर, तालुका वेल्हे, जिल्हा पुणे
दिनांक: १२ जानेवारी २०२५, रविवार

लिहून ठेवणार:
(सही) सुलक्षणा गेनबा शेंडकर

आमच्यासमोर सुलक्षणा यांनी सही केली आणि त्यांच्यासमोर आम्ही केली:

१. पारूबाई ओव्हाळ, राहणार विंझर. डाव्या हाताचा अंगठा. (यांना सही येते. "सही कुनीबी गिरवंल, अंगठा कोन गिरवतंय?" असे त्यांचे म्हणणे पडले.)

२. (सही) बुद्धभूषण ओव्हाळ, राहणार वेल्हे.